पांडुरंग नाव ठेवलं तर मुलगा गावंढळ ठरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा झालाय, बारसं तोंडावर आलंय आणि सासऱ्यांचं पांडुरंग हे नाव बाळाला द्यावं असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. नणंदबाईंचा मात्र ठाम विरोध आहे. शाळेत पोरं 'पांड्या' म्हणून चिडवतील, पुढे मोठ्या कंपनीत अर्ज केला तर नाव वाचूनच लोक त्याला खेडवळ समजतील, त्यापेक्षा रेयांश किंवा कियान ठेवा, असं त्यांचं म्हणणं. आणि तुम्ही विचारताय की नावावरून माणसाचा वर्ग खरंच जोखला जातो का, आणि जात असेल तर त्यात मुलाचं किती नुकसान होतं.

मी गेली अनेक वर्षं शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. नावं आणि सामाजिक स्तर हा माझा अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजी मला ओळखू येते. म्हणून आधी सरळ उत्तर देते. हो, नावावरून वर्ग जोखला जातो, आणि तो अगदी काही क्षणांत जोखला जातो. पण मुलाचं आयुष्य त्यावर ठरत नाही. पांडुरंग नाव तुम्हाला मनापासून ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. असं का म्हणते ते आता जरा सविस्तर सांगते, कारण उद्या नणंदबाईंना, शेजाऱ्यांना आणि कदाचित त्या मुलालाही तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार आहे.

या नावाकडेच आधी बघू. साने गुरुजींचं नाव पांडुरंग सदाशिव. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले महामहोपाध्याय काणे म्हणजे पांडुरंग वामन. मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट म्हणजे पांडुरंग महादेव. हे तिघेही १८८० ते १९०० या वीस वर्षांत जन्मलेले. त्या काळात पांडुरंग हे नाव शास्त्री-पंडितांच्या घरात होतं, वारकऱ्याच्या घरात होतं आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या कुळाच्या घरातही होतं. त्या नावावरून कुणाला कुणाचा वर्ग सांगता आला नसता. मग ते 'गावाकडचं' कधी झालं? शहरातल्या शिकलेल्या घरांनी ते ठेवणं थांबवलं तेव्हा. त्यांनी शरद, वसंत, अरविंद, सुधीर अशी नावं घ्यायला सुरुवात केली. पांडुरंग, विठ्ठल, नामदेव, ज्ञानोबा ही नावं ज्यांनी सोडली नाहीत ते बहुतेक गावात राहिलेले, शेती करणारे, माळ घातलेले लोक होते. नावात काही बदललं नाही. ते कोण ठेवतंय हे बदललं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नावाची किंमत बदलली.

याहून ठळक उदाहरण धोंडो या नावाचं आहे. आज धोंडू किंवा दगडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक गरीब, अशिक्षित माणूस उभा राहतो. पण महर्षी कर्वे धोंडो केशव होते. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे, त्यांचं नाव धोंडोपंत. अशा घरांत धोंडो कसा? तर त्या काळी मुलं जगत नसत. आधीची दोन-तीन मुलं गेली की पुढच्या बाळाला दृष्ट लागू नये, यमाला त्याचा मोह होऊ नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव देत. धोंडू, दगडू, केरबा, कचरू, उकिरडा ही सगळी नावं त्यातलीच. ती भीती सगळ्या जातींत होती, म्हणून नावंही सगळ्या जातींत होती. पुढे ज्या घरांपर्यंत दवाखाना, लस आणि पुरेसं अन्न आधी पोचलं, त्या घरांतून ही नावं आधी गेली. ज्यांच्या घरी मुलं मरत राहिली त्यांच्याकडे ती टिकली. कचरू हे नाव ऐकून हसणारा माणूस खरं तर त्या कुटुंबाच्या जुन्या दुःखाला हसत असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं.

आणि तेव्हाही वर्ग दाखवायची सोय होतीच. ती नावापुढे काय जोडलं जातं त्यात होती. धोंडो एकच, पण एकाचा धोंडोपंत होतो, दुसऱ्याचा धोंडिराव, तिसऱ्याचा धोंडिबा आणि चौथ्याचा आयुष्यभर धोंड्या. राम घ्या. रामचंद्रपंत, रामराव, रामभाऊ, रामा, राम्या. जुनी कागदपत्रं वाचताना हे फार जाणवतं. ज्याच्याकडून सारा वसूल करायचा तो 'रामा बिन सखा', म्हणजे सखाचा मुलगा रामा, असतो, ज्याच्याकडे तो जमा करायचा तो रावसाहेब किंवा पंत असतो. आजही काही घरांत कामाला येणाऱ्या साठीच्या बाईंना पाच वर्षांचं पोर 'सखू' म्हणून हाक मारतं आणि त्याच वयाच्या शेजारच्या आजींना सुमतीआजी म्हणतं. त्या मुलाला नावं ठेवू नका, घरातली मोठी माणसं जसं बोलतात तसंच ते बोलतं. पण वर्ग मनात कसा रुजतो ते बघायचं असेल तर तिथे बघा. नावाच्या निवडीपेक्षा हाकेने माणसाला जास्त खाली बसवलं जातं, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं मत आहे.

नावात उतरंड आणणं हे आपल्याकडे केवळ सवयीने झालं नाही, तसा नियमच लिहून ठेवलेला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ३१ वा श्लोक सांगतो की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं मात्र निंद्य, किळस यावी असं. म्हणजे नाव ऐकताक्षणी माणसाची जागा कळावी हाच त्यामागचा हेतू होता. म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने नावांच्या बाबतीत जे केलं ते मला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातलं फार मोठं काम वाटतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. पुढे बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयांची नावं पाहा: मुंबईचं सिद्धार्थ १९४६ चं, औरंगाबादचं मिलिंद १९५० मध्ये सुरू झालेलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तर घराघरांतून गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा अशी नावं आली. ज्या घरात आजोबा धोंड्या आणि आजी भिकी होती, त्या घरात नातू सिद्धार्थ आणि नात प्रज्ञा झाली. यातलं एकही नाव कानाला 'खालचं' लागत नाही, आणि सिद्धार्थ, राहुल, मिलिंद तर पुढे सगळ्याच समाजांनी ठेवले. आपल्या मुलाचं नाव आपण ठरवू, तुम्ही ठरवून दिलेलं घेणार नाही, एवढं धैर्य त्या निवडीत होतं.

पण इथेच एक कटू गोष्टही दिसते. नाव बदललं तरी ऐकणाऱ्याची नजर बदलतेच असं नाही. संघमित्रा किंवा सम्यक हे नाव ऐकून काही लोक अर्थाकडे न बघता 'हे कोणातले' याचा हिशेब मांडायला लागतात. म्हणजे सुंदर नावही खूण म्हणून वापरता येतं, वापरणाऱ्याची तशी इच्छा असली की झालं. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. कितीही काळजीपूर्वक नाव निवडलं तरी जोखणाऱ्याला अडवणारं नाव कुठेच नसतं.

आता नावांची लाट कशी वरून खाली येते ते सांगते, कारण रेयांश आणि कियानचा मुद्दा तिथे आहे. खेड्यातल्या एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर हातात घ्या आणि सुरुवातीपासून पानं उलटत या. पहिल्या पानांवर बाबू, केरबा, ज्ञानू, मारुती, पांडुरंग. मुलींच्या थोड्याच नोंदी, त्या गंगूबाई, हौसाबाई, चंद्रभागा. मग कधीतरी एक सुरेश येतो, एक सुनीता येते. प्रवेशाच्या अर्जावर पालकाचा व्यवसाय बघितला तर कळतं की हा सुरेश शाळेतल्या गुरुजींचाच मुलगा आहे किंवा तलाठ्याचा, पोस्टमनचा. नोकरीनिमित्त तालुक्याला, जिल्ह्याला जाणारे लोक नवीन नाव गावात आणत. दहा-बारा वर्षांनी तेच सुरेश, संजय, सुनीता, संगीता बागायतदाराच्या घरात आणि आणखी काही वर्षांनी शेतमजुराच्या घरात दिसतात. तोपर्यंत गुरुजींच्या घरी अमोल आणि अश्विनी आलेले असतात. मग अमोलही खाली उतरतो आणि वरचे चिन्मय, मृण्मयी, सानिकाकडे जातात. आरव, अर्णव, अद्वैत, स्वरा, आरोही यांचंही तेच चाललंय, फक्त वेग वाढलाय, कारण आता नाव गावात यायला गुरुजींची गरज नाही, मोबाइल पुरतो.

हे काही मराठी माणसाचंच वैशिष्ट्य नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी नावांच्या फॅशनवर फार बारकाईने काम केलं, आणि स्टीव्हन लेव्हिट व रोलंड फ्रायर यांनी कॅलिफोर्नियातल्या १९६१ ते २००० या काळातल्या जन्मनोंदींचा अभ्यास केला. सुखवस्तू घरांतली नावं काही वर्षांनी इतर घरांत पोचतात आणि तोवर सुखवस्तू घरं नव्या नावांकडे वळलेली असतात, हे तिथल्या नावांतही दिसलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आज जे नाव 'उच्चभ्रू' म्हणून तुम्ही निवडाल, ते तुमचा मुलगा नोकरीच्या वयाला येईल तेव्हा अगदी सर्वसाधारण झालेलं असेल. नणंदबाईंनी सुचवलेला रेयांश पंचवीस वर्षांनी मुलाखतीला बसेल तेव्हा त्याच्या आगेमागे आणखी चार रेयांश असतील आणि त्या नावावरून फक्त त्याचं जन्मसाल कळेल.

उलट बाजूने दुसरी हालचाल सुरू झालेली मी बघते. शहरातल्या अगदी सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांत मुक्ता, कबीर, गोदा, रमा, यमुना अशी जुनी नावं परत येत आहेत. मुक्ता हे नाव काही दशकांपूर्वी मुक्ताबाई म्हणून शेतावर खुरपायला जाणाऱ्या बाईचं समजलं जायचं. आज ते वाचन असणाऱ्या, आपल्या परंपरेची जाण असणाऱ्या घराचं समजलं जातं. ज्या घराला आपण खेडवळ ठरू अशी भीती उरलेली नसते, तेच घर आधी जुन्या नावाकडे वळतं. पांडुरंग अजून त्या वाटेवर फारसा गेलेला नाही, पण विठ्ठल आणि तुकाराम ठेवणारी तरुण जोडपी मला भेटली आहेत.

शाळेच्या बाबतीत तुमची काळजी निराधार नाही, हे मी शिक्षकांबरोबर काम करत असल्यामुळे स्पष्टच सांगते. प्रशिक्षणात मी एक गोष्ट करून घेते. पाचवीतल्या मुलाने लिहिलेला 'माझा आवडता ऋतू' हा एकच निबंध, त्याच चुका, तेच अक्षर, झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटते. निम्म्या कागदांवर नाव असतं अर्णव, निम्म्यांवर धोंडीराम. कुणालाही दुसऱ्या नावाची कल्पना नसते. गुण देऊन झाले की शेरे मोठ्याने वाचायला लावते. अर्णवच्या कागदावर 'कल्पना छान, ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे' असं लिहिलेलं असतं. त्याच चुकांवर धोंडीरामच्या कागदावर 'शुद्धलेखन अतिशय कच्चे, पालकांनी लक्ष द्यावे'. एकाला सूचना दिली जाते, दुसऱ्याच्या घरालाच दोष दिला जातो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की खोलीत जी शांतता पसरते तिच्यानंतर खरं प्रशिक्षण सुरू होतं. हे शिक्षक वाईट नसतात. त्यांतले कित्येक स्वतः धोंडीरामचे नातू असतात.

ही कल्पना माझी नाही. हर्बर्ट हरारी आणि जॉन मॅकडेव्हिड यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत असाच प्रयोग केला होता. पाचवीच्या निबंधांवर कधी डेव्हिड, मायकेल अशी लोकांना आवडणारी नावं लिहिली, कधी एल्मर, ह्युबर्ट अशी जुनाट समजली जाणारी. आवडत्या नावांना जास्त गुण मिळाले, आणि नवख्या विद्यार्थ्यांपेक्षा अनुभवी शिक्षकांमध्ये हा कल जास्त दिसला. अनुभवाने नजर आपोआप स्वच्छ होत नाही. जर्मनीत २००९ मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना नावांबद्दल विचारलं. शार्लोट, सोफी, मारी, मॅक्सिमिलियन ही नावं हुशार, गुणी मुलांची वाटली. केव्हिन, शांताल, मँडी ही त्रासदायक मुलांची. एका शिक्षकाने तर लिहिलं की केव्हिन हे नाव नाही, निदान आहे. आणि हा केव्हिन १९९० च्या सुमारास जर्मनीतल्या आईवडिलांचं अतिशय लाडकं नाव होता. पांडुरंगाला शंभर वर्षं लागली, केव्हिनचं तेच वीस वर्षांत झालं. म्हणून परदेशी वळणाचं, नवं नाव ठेवलं की वर्गाच्या शिक्क्यातून सुटका होते असं समजू नका. केव्हिन हे त्या घरांना नवं, मोठ्या जगाचं वाटलं म्हणूनच त्यांनी ते ठेवलं होतं.

मग या सगळ्याचा मुलाच्या आयुष्यावर परिणाम किती? फ्रायर आणि लेव्हिट यांनी हेच तपासलं. कृष्णवर्णीयांमध्येच आढळणारी वेगळी नावं असलेल्यांचं पुढचं आयुष्य जास्त खडतर दिसतं. पण आईचं शिक्षण, उत्पन्न, राहण्याची जागा या गोष्टी हिशेबात धरल्या की नावाचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ उरत नाही. फ्रान्समध्ये बातिस्त कुलमाँ हे समाजशास्त्रज्ञ बारावीच्या तोडीच्या बॅक परीक्षेचे निकाल नावांनुसार मांडतात. दियान, आदेल या नावांच्या मुली अव्वल श्रेणीत खूप, केव्हिन फार थोडे. ते स्वतः सांगतात की यात नावाची जादू नाही, त्या नावांमागच्या घरांची परिस्थिती बोलते आहे. केव्हिनचं नाव बदलून आदेलच्या भावाचं दिलं तर त्याच्या घरात पुस्तकं येणार नाहीत.

एक अपवाद मात्र मला मान्य करावा लागतो. डेव्हिड फिग्लिओ यांनी फ्लोरिडातल्या सख्ख्या भावंडांची तुलना केली. घर तेच, आईवडील तेच, गुणही सारखे, पण ज्या भावंडाचं नाव गरीब घरातलं वाटेल असं होतं, त्याला हुशार मुलांच्या वर्गासाठी शिक्षकांनी कमी वेळा सुचवलं. म्हणजे थोडा परिणाम आहे, आणि तो शिक्षकाच्या अपेक्षेच्या वाटेने येतो. ती वाट तुम्हाला अडवता येते. कशी ते शेवटी सांगते.

नोकरीचं बघू. शिकागो आणि बॉस्टनमध्ये मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी जवळपास पाच हजार बायोडाटा पाठवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकिशा, जमाल यांच्यापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त प्रतिसाद मिळाला. आपल्या देशात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी तसाच अभ्यास केला, तो २००७ मध्ये आला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज गेले. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. हा आकडा मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, आणि सांगताना आजही राग येतो.

पण हे अर्ज उमेदवारांचं आडनावही सांगत होते. महाराष्ट्रात तर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एका दमात लिहायची पद्धत आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यात आईचं नाव घालण्याचा निर्णय घेतला, तो मला योग्य वाटतो. पण त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला घराबद्दल आणखी एक गोष्ट कळते, हेही खरंच. पहिलं नाव कियान ठेवलं तरी पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव येणारच आहे. जोखणाऱ्याला जे हवंय ते तिथे मिळतं. म्हणूनच तमिळनाडूत पेरियार यांच्या जातिविरोधी स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातवाचक नावं सोडण्याचा ठराव केला होता. पहिलं नाव चकचकीत करून आडनावाचा प्रश्न सुटत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. तुमच्या मुलाला अन्यायापासून वाचवायचं असेल तर तो भार त्याच्या नावावर टाकू नका. अर्ज छाननीत नाव झाकून वाचण्याची पद्धत जिथे आणता येईल तिथे ती आणायला हवी, आणि तुम्ही दोघं नोकरीत असाल तर तुमच्या ठिकाणी ती मागणी करू शकता.

मुलींच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन नकुशा नावाच्या २८५ मुलींना नवीन नावं दिली. नाव बदलून घ्यायला हवं ते असं. त्या मुलींना शाळेच्या हजेरीत रोज 'नको असलेली' म्हणून हजर म्हणावं लागत होतं. गावंढळ वाटणारं नाव आणि मुलाचा अपमान करणारं नाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याची लाज बाळगायचं कारण नाही. दुसरं मात्र ठेवूच नये, ते आजीच्या हट्टाने असो की नवसाने.

नणंदबाईंनी सुचवलेल्या रेयांशबद्दलही माझं मत सांगते. हा शब्द संस्कृत कोशात सापडत नाही. याद्यांमध्ये कुठे विष्णूचा अंश, कुठे सूर्यकिरणाचा अंश असे अर्थ दिलेले असतात, ते ओढूनताणून लावलेले आहेत. नवं नाव घडवायला माझी हरकत नाही, आपल्या पूर्वजांनीही ती घडवलीच. पण खोटा अर्थ सांगून ठेवलेलं नाव मुलाने मोठेपणी विचारलं की अडचण होते. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: जे नाव घरातल्या आजीला आणि गावाकडच्या काकांना नीट उच्चारता येत नाही, त्या नावाने त्या घरात रोज एक छोटी परीक्षा सुरू होते. ऋतुजाचं रुतुजा, मृण्मयीचं मुरनमयी झालं की सून हसते, आजी ओशाळते आणि नंतर नातवंडाला नावाने हाक मारायचंच टाळते. पांडुरंग हे नाव तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडी आधीपासून प्रेमाने बसलेलं आहे. ही जमेची बाजू छोटी नाही.

आता करायचं काय ते. चिडवण्याच्या भीतीवर उपाय म्हणजे घरातली हाक आधीपासून पक्की करा. पांडू, पांड्या हे तुम्हीच लाडाने म्हणायला लागलात तर तेच शाळेत जाईल. पूर्ण पांडुरंग म्हणा, किंवा छोटं हवं असेल तर रंगा म्हणा. मुलं चिडवतातच, आणि ती आरवचंही काहीतरी करतात. चिडवण्याची धार नावामुळे वाढत नाही, ज्याला स्वतःच्या नावाची लाज वाटते त्याला ती जास्त लागते. म्हणून आजोबांच्या गोष्टी त्याला लहानपणापासून सांगा. ते कोण होते, काय करायचे, कुणाच्या मदतीला धावले. आपलं नाव कुणाचं आहे हे ज्या मुलाला माहीत असतं, ते मूल नाव विचारल्यावर पुटपुटत नाही.

शिक्षकाच्या अपेक्षेची जी वाट मी म्हटली, ती अडवण्यासाठी पहिलीपासून पालकसभेला दोघांपैकी एकाने जा. वर्गशिक्षकांना भेटून मुलाला काय आवडतं, तो घरी काय वाचतो हे सांगा. शिक्षकाला मुलाबद्दल खरी माहिती मिळाली की नावावरून बांधलेला अंदाज बाजूला पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. अडचण होते ती ज्या मुलाबद्दल शिक्षकाकडे नावाशिवाय काहीच नसतं त्याची. ज्यांना मजुरी बुडवून पालकसभेला येता येत नाही, अशा घरांतल्या मुलांची म्हणून मला जास्त काळजी वाटते.

बारशाला दोन नावं ठेवायची पद्धत आहेच. घरात अजून एकमत होत नसेल तर पाळण्यातलं एक आणि व्यवहारातलं एक असं ठेवता येईल, पण व्यवहारातलं पांडुरंग असेल तर ते पाळण्यातही घ्या असं माझं मत. आत्या म्हणून नणंदबाईच बाळाच्या कानात नाव सांगणार आहेत, तेव्हा त्यांना आधी विश्वासात घ्या, त्यांच्याच वडिलांचं नाव आहे ते. त्यांच्या भीतीला हसू नका. गावाकडून शहरात आलेल्या मुलीने नावावरून, बोलण्यावरून जे सोसलेलं असतं ते भाच्याच्या वाट्याला येऊ नये एवढंच त्यांना वाटत असेल.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव त्या वेळी घातलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते, १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा नाव नोंदवलं की मात्र ते बदलायला राजपत्रापर्यंत जावं लागतं, आणि शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक राहिली तर दुरुस्तीला फार खेटे पडतात. त्यामुळे पांडुरंगाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव तुमच्या आधार कार्डावर जसं आहे तसंच्या तसं आहे ना ते दोघांनी मिळून अक्षर न् अक्षर तपासा, आणि मगच अर्जावर सही करा.